शोमारी कोंडोची तेरा पुस्तकं

कास्पार मिहाम्बोनं चपातीचा तुकडा चवळीच्या रश्शात बुडवला आणि तो तसाच बुडालेला राहिला. टपरीतल्या रेडिओवर मृत्यूच्या बातम्या चालू होत्या. रोज सकाळी असतात. कोण वारलं, कुठे वारलं, माती कधी, आणि बातमी कोणाकोणाला कळावी त्यांची लांबलचक नावं. इलाला वस्तीतली माणसं चहा पिता पिता त्या ऐकतात आणि ओळखीचं नाव आलं नाही की पुढच्या घोटाला लागतात. आज ओळखीचं नाव आलं. सुप्रसिद्ध कादंबरीकार, डिटेक्टिव्ह न्गावाचे जनक शोमारी कोंडो काल संध्याकाळी बुगुरुनी इथल्या राहत्या घरी वारले. माती आज असरच्या नमाजानंतर. ही बातमी किसारावेच्या थोरल्या काकांना कळावी, टांगाच्या बहिणींना कळावी, मोरोगोरोच्या साडूंना कळावी, सर्व वाचकांना कळावी. कास्पार थांबला. आपलं नाव येईल म्हणून थांबला, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा रेडिओवर पुढचा मेलेला माणूस सुरू झाला होता.

"गेला बघा न्गावा," टपरीवाली बाई कढईतून चपाती उलटत म्हणाली. तिनं आयुष्यात एक पुस्तक वाचलं नसेल, पण न्गावा तिलाही ठाऊक. न्गावा म्हणजे उदमांजर. या शहरात चोराला सुद्धा कोणी प्रेमानं न्गावा म्हणतं.

"न्गावा नाही गं गेला, त्याचा बाप गेला," पलीकडच्या बाकावरचा एक ट्रकवाला म्हणाला. "काय माणूस! त्याची 'तेरावी खोली' मी डोडोमाला गाडी बंद पडली तेव्हा वाचली. गाडी दुरुस्त झाली तरी उठलो नाही. पाठीमागं मालक शिव्या घालतोय, मी म्हटलं थांब रे, आधी खुनी कोण ते कळू दे."

"बाबा, रस्सा गार होतोय," टपरीवाली कास्पारला म्हणाली. "ओळखीचे होते का?"

"होता," कास्पार म्हणाला. "माझा मतानी होता."

"मग तर आज तुमचा दिवस," ती हसली. "जा, चांगला तमाशा करा."

तमाशा. तिचं काही चुकलं नव्हतं. कास्पार न्यामवेझी, शोमारी झारामो, आणि या दोन जमातींचे लोक एकमेकांचे मतानी, थट्टेचे सोयरे. कास्पारच्या पणजोबांच्या काळात न्यामवेझी हमाल खांद्यावर हस्तिदंत घेऊन समुद्राकडे उतरायचे आणि झारामोंच्या मुलखातून जाताना मारामाऱ्या व्हायच्या, माणसं मरायची. मग केव्हातरी दोघांनाही मारायचा कंटाळा आला आणि त्यांनी एकमेकांना शिव्या द्यायचं ठरवलं. तेव्हापासून झारामोनं न्यामवेझीला भररस्त्यात गाढव म्हणावं, न्यामवेझीनं झारामोला नारळचोर म्हणावं, आणि ज्याला राग आला तो हरला. मयताला तर मतानीवाचून शोभाच नाही. घरचे रडत असतात तेव्हा मतानीनं यावं, मेलेल्याची नक्कल करावी, त्याची लफडी चव्हाट्यावर आणावीत, कबरीत उतरून आडवं पडावं आणि घरच्यांनी मिनतवारी केल्याशिवाय उठू नये. त्याला कोणी गप्प करू शकत नाही. मौलवीसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत ज्याला वाटेल ते बोलायचा हक्क आहे असा आज एकच माणूस असणार होता, आणि तो हा चवळीच्या रश्शात बोटं घालून बसलेला कास्पार मिहाम्बो होता. हे त्याला एकदम कळलं तेव्हा तो रस्सा तसाच टाकून उठला. शोमारी कोंडोची तेरा पुस्तकं कास्पारनं लिहिली होती. तेराच्या तेरा. आज माती पडायच्या आधी हे सांगायचं, नाहीतर हे त्या माणसाबरोबर खाली जाणार.

बुगुरुनीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. बाहेर कुठं काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही. तीस वर्षांपूर्वी तो पोलिसांच्या दफ्तरखान्यात कारकून होता, लग्न नुकतंच झालेलं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या खुनांच्या फायली लावून लावून त्याच्या डोक्यात माणसं बोलायला लागली होती. पहिलं पुस्तक त्यानं पेन्सिलीनं लिहिलं. लिहिताना त्याला जे सुख झालं तसं पुढं कशानंच झालं नाही, बायकोनंही नाही, पोरीच्या जन्मानंही नाही. हे त्यानं कोणाला कधी सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं नव्हतंच. पण सरकारी नोकरानं, त्यातून दफ्तरखान्यातल्यानं, खुनाची पुस्तकं आपल्या नावानं काढली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. शोमारी तेव्हा पोस्टाच्या बाजूला फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसायचा. दुपारच्या सुट्टीत कास्पार तिथं उकिडवा बसून फुकट वाचायचा आणि शोमारी त्याला गिऱ्हाइकांसमोर हिणवायचा. "बघा हो बघा, न्यामवेझी गाढव वाचायला शिकलं! ए हमाला, पान उलट, ओझं नाही ते, जड नाही लागणार!" कास्पार म्हणायचा, "नारळचोरा, तू विकतोस ती पुस्तकं वाचली असतीस तर आज दुकानात बसला असतास." दोघंही हसायचे. ते दिवस बरे होते, हे मात्र खरं. आज एवढ्या कडवटपणातही ते नाकारता येत नव्हतं, म्हणून कडवटपणा आणखी वाढत होता.

"माझं नाव टाक की," शोमारी म्हणाला होता, वही बगलेत मारत. "तू लिही, शिव्या मी खातो. मतानी आहे ना मी तुझा? पोलीस आले तर सांगेन, साहेब, मला सही करता येते तेवढीच, बाकी काही येत नाही. आणि ते खरंच आहे." किती हसले होते दोघं. सगळ्या गोष्टीचा पाया असा, एका हसण्यावर. मग फोटो. लोकांना मागच्या पानावर लेखकाचा चेहरा लागतो, त्याशिवाय त्यांना पुस्तक पोरकं वाटतं. स्टुडिओत गेले. शोमारीनं काळा चष्मा उसना आणला, फोटोवाल्यानं टेबलावर टेलिफोन ठेवला, ज्याची तार कुठंच जात नव्हती. शोमारी कानाला रिसीव्हर लावून बसला, भुवया चढवून, जसं काही त्याला कुणी खुनाची खबर देत होतं. मागं रंगवलेला पडदा होता, नारळाची झाडं आणि जहाज, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो सारखा हलत होता. "ए हमाला, जरा पडदा धर," शोमारी म्हणाला. कास्पारनं पडदा धरला. तेराही पुस्तकांच्या मागच्या पानावर तो फोटो आला, आणि फोटोच्या डाव्या कडेला, पडद्याच्या काठावर, एक बोट आलं. नीट बघितलं तरच दिसतं. कास्पारचं बोट. स्वतःच्या पुस्तकांत तो एवढाच आहे.

त्याच्या बायकोनं, स्कोलास्टिकानं, तेव्हाच सांगितलं होतं. "पोर आपली, बारसं दुसऱ्याच्या अंगणात. उद्या ती त्यालाच बाबा म्हणेल, मग रडू नको." तो म्हणाला, नोकरी सुटली की बघू. नोकरी सुटायला बावीस वर्षं लागली. तोवर स्कोलास्टिका गेली आणि पोरी, म्हणजे पुस्तकं, बोलायला लागून चालायला लागली होती आणि सगळं शहर त्यांच्या बापाला ओळखत होतं. शाळांत बक्षीस वाटायला शोमारी. लग्नांत मानाच्या खुर्चीवर शोमारी. टपालपेटी शोमारीची, तिच्यात येणारी बायकांची पत्रं शोमारीची. कागद मिळेनासा झाला त्या दिवसांतही न्गावाचं पुस्तक कुठल्याशा पिवळ्या कागदावर निघायचं आणि बंदरावरचे कामगार एकानं वाचून दुसऱ्यांना ऐकवायचे. पेन्सिलीनं लिहिलेल्या वह्या छापखान्यातून शेंगदाणेवाल्यांकडं गेल्या. एकदा कास्पारनं शेंगदाणे घेतले तर पुडीवर त्याचंच अक्षर होतं. त्यानं शेंगदाणे खाल्ले, पुडी नीट उलगडून वाचली, एक शब्द खटकला, आणि तो खिशातली पेन्सिल काढून दुरुस्त करायला लागला. हे आठवून बसमध्ये त्याला हसू आलं. शेजारच्या बाईनं पदर सावरून जरा सरकून घेतलं.

पेन्शनीत आल्यावर त्यानं एक पुस्तक आपल्या नावानं लिहिलं होतं. चौदावं. त्यात न्गावा नव्हता, दुसरा माणूस होता, दुसरं शहर होतं. टापटीप टंकलिखित करून तो ते एका प्रकाशकाकडं घेऊन गेला, पांढऱ्या शर्टात, तेल लावून. प्रकाशक तरुण होता, सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, सोडा मागवला आणि म्हणाला, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. हात चांगला आहे तुमचा. पण हे सगळं शोमारी कोंडोचं आहे. वाक्य त्याचं, श्वास त्याचा. नक्कल कितीही चांगली असली तरी नक्कल विकत नाही." कास्पारनं सोडा संपवला. आभार मानले. ते बाड ट्रंकेत ठेवलं ते तिथंच आहे. त्या दिवशी संध्याकाळी तो शोमारीकडं गेला होता, भांडायचं ठरवून, आणि शोमारीनं दारातूनच बायकोला ओरडून सांगत त्याचं स्वागत केलं, "म्वानाहावा, चहा टाक, माझा गुलाम आला!" आणि मतानीवर रागवायचं कसं? रागवला तो हरला. कास्पारनं चहा प्यायला. या नात्याची सगळी हुशारी तिथंच होती, एवढं प्रेमानं बांधलेलं की गळफास आहे हे कळतच नाही.

आणि एक गोष्ट होती, जिच्याकडं तो कधीच सरळ बघत नसे. 'दाताचं ओझं', त्याचं एकमेव ऐतिहासिक पुस्तक, सगळ्यांत लाडकं. पणजोबा टाबोराहून हत्तीचा दात खांद्यावर घेऊन निघाले ती गोष्ट. वाटेत साथ, उपासमार, झारामोंशी लढाई, मालकाचा खून. शेवटी हमाल समुद्रापाशी पोचतो, बघतो, ओझं खाली ठेवतो, थोडा वेळ बसतो आणि परत फिरतो. कास्पारला हा शेवट फार आवडला होता. शोमारीनं वाचून घेतलं, म्हणजे म्वानाहावाकडून, आणि कपाळावर हात मारला. "एवढा चालला आणि परत? वाचणारा तुझ्या तोंडावर फेकेल पुस्तक. जाऊ दे त्याला पाण्यात. दात खांद्यावर तसाच. चालतच जाऊ दे, समुद्र संपेपर्यंत." कास्पार नाही म्हणाला. छापून आलं तेव्हा हमाल पाण्यात गेला होता. छापखान्यात उभ्या उभ्या शोमारीनं ते सांगितलं आणि खिळे जुळवणाऱ्यानं जुळवलं. आता ते शेवटचं वाक्य लोक बसस्टँडवर म्हणतात, मेलेल्यांविषयी म्हणतात. तेरा पुस्तकांतलं लोकांना तोंडपाठ असलेलं एकुलतं एक वाक्य ते, आणि ते कास्पारचं नाही. चांगलं वाक्य आहे. ते चांगलं आहे याचाच त्याला सगळ्यांत जास्त राग होता.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला शोमारीच्या धाकट्या भावानं, सेफूनं पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "आला! अरे मतानी आला! आता होऊ दे." अंगणात चटयांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, चुलीवर भाताची मोठी पातेली होती, आतून बायकांचं रडणं येत होतं. लोकांनी कास्पारला वाट दिली. त्यांचे चेहरे उजळले, हे त्याला दिसलं. सकाळपासून नुसतं रडून आणि बसून कंटाळलेली माणसं ती. घराच्या दारावर फोटो लावला होता, मोठा केलेला, तोच, टेलिफोनवाला. कास्पार जवळ गेला आणि त्यानं डाव्या कडेला बघितलं. नारळाचं झाड होतं. पडदा होता. बोट नव्हतं.

"छान आलाय ना?" सेफू मागून म्हणाला. "दुकानदार म्हणाला, कडेला काहीतरी डाग आहे. म्हटलं काढून टाक बाबा, मेलेल्या माणसाच्या फोटोवर डाग कशाला."

"छान आलाय," कास्पार म्हणाला.

मग त्यांनी त्याच्या अंगावर शोमारीचा तपकिरी कोट चढवला, हातात काठी दिली, डोळ्यांवर तो काळा चष्मा दिला. उसना आणला होता तो, कधी परत केला नव्हता. कोटाला शोमारीचा वास होता, लवंगेचा आणि घामाचा, आणि तो वास नाकात जाताच कास्पारनं कोटाची कॉलर घट्ट धरली. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. मित्र गेला होता. हे सकाळपासून त्यानं मनाशी एकदाही म्हटलं नव्हतं. पण चटईवरची माणसं वाट बघत होती आणि त्याचे पाय आपोआप निघाले. उजवा पाय किंचित ओढत, कारण शोमारी ओढायचा. दर चार पावलांनी थांबून नाक वर करून हवा हुंगत. हसायच्या आधी घसा खाकरत, मान एका बाजूला. अंगणात हशा पिकला. एका म्हाताऱ्यानं चटईवर थापा मारल्या. "अरे हा तर न्गावा! हुबेहूब न्गावा!" आणि कास्पार मधेच थांबला. खरंच होतं ते. पाय ओढणं, हुंगणं, खाकरणं, सगळं न्गावाचं. पहिल्या पानापासून. दफ्तरखान्यात बसून, दार लावून, आपल्या डोक्यातून काढलं असं तो आजवर समजत होता, आणि ते फूटपाथवर उकिडवं बसून, दुपारच्या सुट्टीत, समोरून उचललेलं होतं. त्यानं मान हलवली आणि हा विचार बाजूला ढकलला. आज नाही. आज वाक्य कोणी लिहिली तेवढंच.

"तुम्ही सगळी पुस्तकं वाचलेली दिसतात," एक शाळामास्तर आदरानं म्हणाला.

"नजरेखालून गेलीत," कास्पार म्हणाला.

असरची नमाज झाली, हिरव्या कापडाखालचा ताबूत खांद्यावर निघाला. पुरुष भराभर चालत होते, खांदा बदलत होते, रस्त्यावरच्या गाड्या थांबत होत्या. बायका घरीच राहिल्या. कबरस्तानातली माती वाळूची, ओलसर, कडेला नारळाची तोडलेली मुळं पांढरी दिसत होती. ताबूत खाली ठेवताच कास्पार पुढं झाला आणि कोटासकट कबरीत उतरला. अपेक्षेची एक लाट गर्दीतून गेली. तरुण मौलवीनं नाराजीनं घड्याळ बघितलं, पण सेफूचे काका म्हणाले, "राहू द्या, मतानी आहे. त्याचं झाल्याशिवाय कुठं पुरतात?" खाली गारवा होता. वर चेहऱ्यांचं रिंगण, त्यामागं आभाळ. कास्पारनं चष्मा काढला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी लागला.

"ऐका," तो म्हणाला. "हा माणूस लेखक नव्हता."

हशा.

"याला लिहिता येत नव्हतं. याला सही येत होती, तीसुद्धा कधी उजवीकडून कधी डावीकडून. तेरा पुस्तकं मी लिहिली. मी, कास्पार मिहाम्बोनं. दफ्तरखान्यातला कारकून मी. हा फूटपाथवर माश्या मारत बसायचा."

"वा!" कोणीतरी ओरडलं. "आणखी!"

"थट्टा नाही करत मी. देवाची शप्पथ."

"शप्पथ घेतोय रे न्यामवेझी! हमालाची शप्पथ!" आणि अशी लाट उठली हशाची की मौलवीनंही तोंडावर हात धरला. कास्पार हटला नाही. त्यानं 'तेरावी खोली'चा खुनी आपल्याला कसा सुचला ते सांगितलं, वहीचा रंग सांगितला, शेंगदाण्याच्या पुडीचं सांगितलं. पुडीवर तर एक जण पोट धरून खाली बसला. तो जितकं खरं सांगत होता तितके ते लोळत होते, कारण खोटं इतकं बारकाईनं रचणारा मतानी त्यांनी पाहिला नव्हता. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खरंखुरं, रागाचं, आणि दोस्ताचंही, आता कोणाचं किती ते त्यालाही सांगता आलं नसतं. "बघा कसा रडतोय," सेफूचे काका डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले. "असा मतानी मिळायला भाग्य लागतं. माझ्या वेळी कोण येणार?"

"मी हलणार नाही," कास्पार खालून ओरडला. तो आडवा झाला, पाठीखाली गार वाळू घेऊन, हात छातीवर. "तेराही पुस्तकं माझी आहेत असं कबूल करा. सगळ्यांनी. तोवर हा नारळचोर आत येणार नाही. राहा बसून."

सेफू कबरीच्या काठावर गुडघ्यावर बसला. त्याच्या गालांवर हसण्याचं आणि रडण्याचं पाणी एकत्र झालं होतं. "बरं बाबा, बरं," तो म्हणाला. "कबूल. तूच लिहिलीस. काय रे, कबूल ना सगळ्यांना?"

"कबूल!" सगळं कबरस्तान एका आवाजात म्हणालं. "त्यानंच लिहिली! सगळी त्यानंच लिहिली! आता वर ये, भाऊ वाट बघतोय!"

वरून चार-पाच हात खाली आले. कास्पार त्या हातांकडं बघत पडून राहिला. एवढंच हवं होतं त्याला, तीस वर्षं, शब्दाला शब्द हेच. यापुढं मागायला काही उरलं नव्हतं. त्यानं हात धरला आणि ते त्याला वर ओढून पाठीवर थापा मारायला लागले. मग शोमारीला खाली उतरवलं. कोणीतरी हळूच ते वाक्य म्हटलं, हमाल पाण्यात जातो ते, आणि आजूबाजूच्या दोघातिघांनी ते पुरं केलं. कास्पारनं तीन मुठी माती टाकली.

घरी परतल्यावर त्याला मोठ्या ताटात भात वाढला, मतानीचा मान म्हणून मांसाचा मोठा तुकडा. तो जेवला. भूक लागली होती. हात धुऊन निघताना आतल्या खोलीच्या पडद्यामागून म्वानाहावाचा आवाज आला. विधवा आता चार महिने पुरुषांसमोर येणार नव्हती. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती, टाचांना भेगा पडलेली.

"भावजी, सेफूनं सांगितलं. खूप बोललात म्हणे."

"खरं बोललो, वहिनी. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नसेल तर कोणाला? वाचून मीच दाखवायची ना त्यांना."

"मग सांगा की बाहेर येऊन. आत्ता, सगळे बसलेत तोवर. तुमचं ऐकतील."

पावलं जरा हलली. "म्हणतील, दुःखानं डोकं फिरलं बाईचं. आणि समजा ऐकलं. मग मी कोण, भावजी? ही एवढी माणसं एका फूटपाथवाल्याच्या बायकोकडं आली असती?" तिनं नाक ओढलेलं त्याला ऐकू आलं. "ते म्हणायचे, माझ्या मातीला कास्पार सगळं खरं बोलून टाकेल. कोणी अडवू नका. म्हणायचे आणि हसायचे, ठसका लागेपर्यंत. मी म्हणायची, अहो, पाप लागेल. तर म्हणायचे, अगं, त्या दिवशी मी वरून सगळ्यांत जोरात हसेन. आणि मग एकदम गप्प व्हायचे."

पडद्यावर फुलं होती, धुऊन धुऊन फिकी पडलेली. हा पडदा धरून ठेवायला कोणी नव्हतं आणि तो आतल्या श्वासानं थोडा थोडा हलत होता. तिनं परत बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज खालचा आणि व्यवहारी झाला होता.

"छापखान्याचा माणूस येऊन गेला दुपारी. तुम्ही तिकडं होतात तेव्हा. म्हणाला, शेवटचं काही लिहून ठेवलंय का त्यांनी. रेडिओवरही विचारतात म्हणे लोक. आता निघालं तर बंदरापासून म्वान्झापर्यंत कोणी वाचल्याशिवाय राहायचं नाही."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, त्यांच्या मतानीला विचारून सांगते."

अंगणात कोणीतरी कास्पारची नक्कल करत होतं, कबरीत आडवं पडून शप्पथ घेणाऱ्या कास्पारची, आणि हशा येत होता. नक्कल बरी जमली होती. त्याला ट्रंक आठवली, तिच्यातलं बाड, वर घातलेल्या डांबराच्या गोळ्या. बंदरावर एकजण वाचतोय आणि बाकीचे काम सोडून ऐकताहेत, हे त्याला दिसलं. डोडोमाच्या रस्त्यावर गाडी बंद पडलीय आणि ट्रकवाला उठत नाही. प्रकाशक पान उलटतोय आणि म्हणतोय, हेच, हाच हात. आपण हिला नाही म्हणू शकतो, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. त्या शब्दांत काही जोर नव्हता.

"आहे," तो म्हणाला. "एक आहे. उद्या आणून देतो."

"देवाची कृपा," पडद्यामागून ती म्हणाली. "त्यांना बरं वाटेल."

शोमारीचा कोट अजून त्याच्या अंगावरच होता. मतानीनं घातलेलं कोणी परत मागत नाही. गल्लीतून बसथांब्याकडं जाताना तो मनात ते बाड पान पान उलटत होता. दोन नावं बदलायची. मधे कुठंतरी न्गावाला आणायचं, पाय ओढत. ते जमेल. शेवटचं प्रकरण मात्र नव्यानं लिहावं लागणार होतं. त्यातला माणूस सगळं करून शेवटी गपचूप घरी परत जातो, आणि शोमारीनं असा शेवट कधीच केला नसता.